दोन सह्यांची लिफ्ट

मी बोलतेय हो, इमारत. दचकू नका. ज्या भिंतीला टेकलात ती माझीच. कडेवर लेकरू असेल तर त्याला मात्र टेकवू नका, खालच्या अंगाला मी ओल धरते. मोठ्या माणसाचं काही नाही, लहानाला लगेच सर्दी होते.

बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डात, कोपऱ्यापासून तिसरी, ती मी. तळमजला आणि वर चार मजले. वय एकशे तीसच्या पुढे. बायका वय लपवतात म्हणे, पण माझं तर दारावरच कोरलेलं आहे, लपवू कुठं?

माझ्या विटा नदीपलीकडच्या भट्टीतून घोड्यांच्या गाड्यांवर आल्या. मला बांधलं हेर्मान नावाच्या माणसानं. त्याचा घोड्यांच्या खोगिरांचा मोठा धंदा. रस्त्यानं जाणाऱ्यानं मान वर करून माझ्याकडं बघावं, एवढीच त्याची हौस. म्हणून पुढच्या बाजूनं मला फुलांच्या माळा घातल्या, सिंहाची तोंडं लावली, आणि पहिल्या मजल्याची बाल्कनी दोन दगडी बायांच्या डोक्यावर दिली. दगडी कसल्या, आतून वीट आणि वरून गिलावा. आता सांगायला हरकत नाही, ऐकून रागवायला हेर्मान थोडाच आहे?

रस्त्याकडची मोठी घरं त्याची आणि त्याच्यासारख्यांची. उंच दुहेरी दारं, खाली लाकडाची चकचकीत जमीन. पण फाटकातून आत चौकात आलात की माझा सगळा थाट संपतो. चारही बाजूंनी गॅलऱ्या, प्रत्येक मजल्याला एक, भिंतीतून निघालेल्या दगडी हातांवर तोललेल्या. कडेनं लोखंडी कठडा. गॅलरीवर ओळीनं दारं, दारामागं एक खोली आणि एक स्वयंपाकघर. संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. पुढून मी राणीसारखी आणि मागून मोलकरणीसारखी. पण खरं सांगते, माझा जीव मागच्या बाजूलाच रमला. पुढच्या घरांतली माणसं दार लावून घ्यायची. मागची माणसं दार उघडं टाकून जगायची. कोणाच्या भांड्यात कोबी शिजतोय, कोणाचं पोर रडतंय, सगळं सगळ्यांना ठाऊक.

माझा नकाशा ज्यानं काढला त्यानं चौकाच्या कोपऱ्यात लिफ्टसाठी एक चौकोन काढला होता. शेजारच्या रस्त्यावर नुकतीच एक लिफ्ट आली होती. हेर्माननं तो चौकोन खोडला. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना पाय असतात, म्हणाला. तो स्वतः पहिल्या मजल्यावर राहायचा.

तर झालं काय, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. मजल्याला बावीस. अकरा चढल्या की वळण, मग पुन्हा अकरा.

मधल्या वर्षांचं सगळं सांगत बसले तर तुमची संध्याकाळ होईल. चौकात सतरंज्या झोडपायची लोखंडी चौकट होती, तिथं बायका धूळही झोडपायच्या आणि शेजारणींनाही. दोन लढाया बघितल्या. माझ्या तोंडावर अजून गोळ्यांचे व्रण आहेत, देवीचे असावेत तसे. पुढं कम्युनिस्टांचं सरकार आलं आणि हेर्मानच्या नातवाच्या मोठ्या घराचे फळ्या ठोकून तीन भाग केले. तीन बिऱ्हाडं, स्वयंपाकघर एक, चुली तीन. कोणी कोणाचा कांदा ढवळला यावरून तिथं जी भांडणं झाली, तशी नाटकातसुद्धा होत नाहीत. त्यानंतर सरकार गेलं आणि राहणारेच मालक झाले. पूर्वी एका मालकाच्या नावानं ओरडलं की पन्हळ दुरुस्त व्हायची. आता मालक बावीस. पन्हळ गळायला लागली की बावीस जण एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

आता मुख्य सांगते.

चौथ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, एतेल्का राहते. ऐंशी वर्षांची. ती माझ्या पोटातच जन्मली, अगदी खरं. दुसऱ्या लढाईत शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात वर बाँब पडत होते आणि सगळी माणसं माझ्या तळघरात, कोळशाच्या राशीमागं. तिथं ती झाली. तिची आई तिला छातीशी धरून वर गेली तेव्हा प्रत्येक पायरीवर थांबून बघायची, पोर श्वास घेतंय ना. मीही बघत होते.

एतेल्कानं हातमोजे शिवायच्या कारखान्यात जन्म काढला. लग्न इथंच, नवऱ्याचं जाणं इथंच. सगळे तिला मावशी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले आणि तिचं खाली उतरणं थांबलं. तरी गॅलरीतून कठड्यावर वाकून सगळ्यांची चौकशी करायची. कोणी पाव आणून द्यायचं, कोणी औषध. मग या हिवाळ्यात तिनं कोणाला न सांगता उतरायचं धाडस केलं आणि नवव्या पायरीवर घसरली. हाड वाचलं, पण दवाखान्यातून तिला खुर्चीत बसवून दोघा जणांनी वर चढवली. मान खाली घालून बसली होती. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होईपर्यंत मान वर केली नाही तिनं.

तिची मुलगी ओर्शोया दोन तासांवरच्या गावात राहते. ती आली आणि तिनं आईला स्पष्ट सांगितलं. लिफ्ट होणार असेल तर राहा. नाहीतर ईस्टरनंतरच्या रविवारी मी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेव. मुलीचं घर तळमजल्याचं, अंगण आहे, कोंबड्या आहेत. मुलीचं काही चुकत नव्हतं. पण एतेल्कानं दोन दिवस सामानाला हात लावला नाही. कोंबड्यांशी मी काय बोलू, एवढंच एकदा म्हणाली.

लिफ्टचं पालिकेनं मनावर घेतलं होतं. बावीसपैकी एकवीस सह्या झाल्या होत्या. राहिली होती वेंडेलची. ज्याच्या खिडकीपुढून लिफ्ट जाणार त्याची सही हवीच असा नियम, आणि लिफ्ट जाणार होती नेमकी वेंडेलच्या खिडकीपुढून.

वेंडेल पहिल्या मजल्यावर, चौकाच्या बाजूला. ट्राम चालवायचा, आता घरी असतो. एकटा, ताठ, मिशीवाला. त्याच्या खिडकीत दिवसाला दोन तास ऊन येतं, दहा ते बारा. त्या दोन तासांवर तो दह्याच्या रिकाम्या डब्यांत मिरचीची रोपं वाढवतो. लाल, टोकदार, तिखट मिरची. सगळ्यांच्या घरात वर्षभर माळेनं टांगलेली असते ती वेंडेलनं दिलेली. लिफ्ट आली की ऊन जाणार. तो म्हणायचा, एका माणसाला खाली उतरता यावं म्हणून दुसऱ्याचा सूर्य काढून घेणार का? त्याचंही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत.

सह्या गोळा करायचं काम एमेशेनं अंगावर घेतलं होतं. एमेशे तिसऱ्या मजल्यावरची, दहा महिन्यांची पोर कडेवर. तिच्याइतकी काळजी करणारी बाई मी एवढ्या वर्षांत बघितली नाही. कठड्याच्या गजांतून पोरीचं डोकं जाईल म्हणून तिनं जाळी बांधली, आणि रोज सकाळी प्रत्येक गाठ ओढून बघते. मला तिचं हसू येत नाही. माझ्या गजांमधलं अंतर कोणी बाईमाणसानं ठरवलं नव्हतं, एवढंच म्हणते. बाजारातून आली की ती जिन्याखाली उभी राहून विचारात पडते. पोर आणि पिशवी, दोन्ही एकदम नेता येत नाही. आधी पोर वर नेऊन तिला एकटी ठेवायची आणि दुधाची पिशवी आणायला उतरायचं, की पिशवी खाली सोडायची आणि ती कोणी उचलेल का याचा घोर करायचा? लिफ्ट तिलाही हवी होती. पण तिला जास्त काळजी लागली होती एतेल्काची. पोरीला पहिला ताप आला तेव्हा एतेल्का मावशीनंच तिला गॅलरीतून वरून सांगितलं होतं काय करायचं ते, शांतपणे, एकेक गोष्ट.

एमेशे चार वेळा वेंडेलकडं जाऊन आली. चारही वेळा त्यानं पोरीच्या गालाला हात लावला, एमेशेला मिरच्या दिल्या, आणि कागद परत केला.

अशात ईस्टरचा सोमवार आला.

त्या दिवशी आमच्याकडं पुरुषांनी बायकांच्या दारी जायचं, दोन ओळी म्हणायच्या, शिंपू का म्हणून विचारायचं आणि डोक्यावर अत्तराचं पाणी शिंपायचं. शिंपलं नाही तर बाई वर्षभरात सुकते असं म्हणतात. बाईनं बदल्यात रंगवलेलं अंडं द्यायचं आणि फळांच्या दारूचा, पालिंकाचा, एक पेला. पेला नाकारला तर तिचा अपमान. शेजारीण वगळली तर तिचा आणखी मोठा अपमान. संध्याकाळपर्यंत माझ्या सगळ्या बायकांच्या डोक्याला दहा वासांचा एक वास येतो आणि तो मला मंगळवारपर्यंत जात नाही.

वेंडेल दरवर्षी सकाळी नवाला निघायचा आणि सगळ्यात आधी चौथ्या मजल्यावर एतेल्काकडं जायचा. मग उतरत उतरत बाकीच्या. शहाणी पद्धत. चढताना माणूस शुद्धीवर असतो आणि उतरताना जिना आपणच खाली नेतो. पण यंदा लिफ्टवरून दोघांचं बोलणं बंद. म्हणून त्यानं ठरवलं की एतेल्काला शेवटी ठेवायचं, मान म्हणून नाही, कोणाला वगळायचं नाही या नियमापुरतं. आणि त्यानं तळमजल्यापासून सुरुवात केली.

तळमजल्यावर दोन बायका, दोन पेले. पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर दोन. त्यातली एक म्हणाली, माझ्या भावाच्या बागेतल्या आलुबुखाराची आहे, अर्ध्या पेल्यात कळायची नाही. तिसऱ्यावर म्हातारी गिझेला, तिचा सातवा. एमेशेनं मात्र सरबत दिलं. तान्ह्या पोरीच्या घरात ती दारू ठेवत नाही. सरबत पिताना अर्धं वेंडेलच्या मिशीत गेलं. एमेशे म्हणाली, काका, थोडं बसा. तो म्हणाला, बसायला सवड नाही, वर एक सुकायला आली आहे.

तिसऱ्यापासून अकरा पायऱ्या चढला. वळणावर त्याचा उजवा गुडघा धरला आणि तो मटकन खाली बसला. उठायला गेला, जमलं नाही. वर अकरा पायऱ्या, खाली सत्त्याहत्तर. जिन्यात मी त्याला भिंतीचा आधार दिला, आणखी काय देणार?

एमेशे पोरीला घेऊन धावली. हात देते म्हणाली तर त्यानं तिला दटावलं, आधी पोर सांभाळ, तिचा हात सोडलास तर बघ. आवाज ऐकून वर एतेल्का बाहेर आली. स्टूल ओढत ओढत जिन्याच्या तोंडाशी आणलं आणि बसली. दोघांच्या मधे अकरा पायऱ्या.

"वेंडेल, येताय, की मी सुकून जाऊ?"

"येतोय. पायऱ्या वाढवल्यात कोणीतरी."

"तेवढ्याच आहेत. तीन वर्षं वरून मोजतेय मी."

वेंडेल थोडा वेळ धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही या अकरा उतरून. इथंच शिंपतो."

"उतरता आलं असतं," एतेल्का म्हणाली, "तर तुमची सही मागायला एमेशेला चारदा पाठवली असती का?"

वेंडेलनं वर बघितलं, मग खाली बघितलं. जिन्याच्या मधल्या पोकळीतून तळमजल्याची फरशी दिसते, लहानशी, बशीएवढी. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला बरोबर कळलं, कारण एतेल्का नवव्या पायरीवर घसरली तेव्हा तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आले. वेंडेलला तिच्यात बसवला आणि उचलला. गॅलऱ्यांतून सगळी माणसं बघत होती. एक जण म्हणाला, टोपी धरा, ट्रामवाले साहेब, पुढच्या थांब्याला उतरायचंय. सगळे हसले. वेंडेलनं मान खाली घातली.

वर ठेवल्यावर एतेल्का हळू आवाजात म्हणाली, "मलाही अशीच आणली होती. मीही मान खाली घातली होती."

त्यानं बाटली काढली. दरवर्षी तो नव्या दोन ओळी जुळवून आणायचा. यंदाची पहिली ओळ म्हणाला, माझ्या बाटलीत गुलाबपाणी, आणि पुढं काही आठवेना. दोनदा पहिलीच ओळ म्हणाला. एतेल्का म्हणाली, राणी असेल बहुतेक, राहू द्या, शिंपा. त्यानं शिंपलं. तिनं त्याला लाल अंडं दिलं. पेला मात्र दिला नाही, पाणी दिलं.

मग तो एमेशेला म्हणाला, आण तो कागद. कागद तिच्या ॲप्रनच्या खिशातच होता, कधीही लागेल म्हणून. त्यानं गुडघ्यावर ठेवून सही केली. वाकडी, कागदाबाहेर निघालेली, पण सही. एमेशे तिथंच रडायला लागली आणि आई रडते म्हणून पोरही.

इथं गोष्ट संपली असती. पण तुम्ही एतेल्काला ओळखत नाही.

मंगळवारी सकाळी तिनं एमेशेला बोलावलं आणि सांगितलं, तो कागद वेंडेलला परत दे. एमेशेच्या पायाखालची जमीन सरकली. जमीन माझीच, मी हलले नव्हते, पण तिला तसं वाटलं. ती गयावया करायला लागली. मावशी, रविवारी ओर्शोया येणार. एवढ्या मुश्किलीनं झालेली सही. पुन्हा नाही म्हणाले तर?

"तर मी कोंबड्यांशी बोलायला शिकेन," एतेल्का म्हणाली. "सात पेल्यांची सही घेऊन मी लिफ्टमधून उतरणार नाही, पोरी. रोज त्यांच्या खिडकीसमोरून जायचंय मला."

एमेशे बावीस पायऱ्या उतरली, आपल्या मजल्यावर थांबली, मग आणखी चव्वेचाळीस उतरली. पोरीला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली. वेंडेल डोक्याला ओला टॉवेल बांधून बसला होता. तिनं सगळं सांगितलं आणि कागद टेबलावर ठेवला. त्यानं चष्मा लावला. आपलीच सही बराच वेळ बघितली. मग उठून खिडकीशी गेला. दहा वाजून गेले होते, ऊन आलं होतं, डब्यांतून दोन-दोन पानं वर आली होती. एकेक डबा त्यानं थोडा थोडा फिरवला. एमेशे दारातच उभी. तिला वाटलं, संपलं.

"ती बाई झाडांना पाणी जास्त घालते," वेंडेल म्हणाला. "तिनं जिरेनियमची फुलझाडं कुजवलीत."

एमेशेला आधी काही कळलं नाही.

"चौथ्या मजल्यावर सकाळपासून ऊन असतं," तो म्हणाला. "तिला विचार, माझे डबे तिच्या गॅलरीत ठेवील का. आणि सांग, पाणी घालायचं नाही. पाणी मी येऊन घालीन. लिफ्ट झाली की."

मग तो टेबलाशी बसला आणि वाकड्या सहीच्या खाली दुसरी केली. सरळ, पूर्ण नावाची, ट्रामच्या कागदांवर करायचा तशी.

पालिकेतल्या कारकुनानं विचारलं म्हणे, एका माणसाच्या दोन सह्या का? एमेशे म्हणाली, एक जिन्यातली आहे, एक टेबलावरची, तुम्हाला हवी ती घ्या. रविवारी ओर्शोया गाडी घेऊन आली. कागद वाचला, आईच्या हातचं रानटी मुळ्याचं लोणचं आणि हॅम खाल्लं, आणि रिकामी गाडी घेऊन परत गेली. जाताना वेंडेलला सहा अंडी देऊन गेली, तिच्या कोंबड्यांची.

लिफ्ट व्हायला दीड वर्ष लागलं. मला खूप खणलं, खूप ठोकलं. हेर्माननं खोडलेल्या चौकोनातच ती उभी राहिली, काचेची, अंगानं बारीक. एमेशेची बाबागाडी जेमतेम मावते. पहिल्या दिवशी एमेशेनं सगळ्यांच्या आधी रिकामी लिफ्ट तीनदा वर-खाली करून बघितली आणि मगच एतेल्काला बसवलं.

एतेल्का खाली उतरली. फाटकाबाहेर पडली. मला वाटलं दारातच थांबेल, पण ती वेंडेलचा हात धरून समोरच्या फुटपाथवर गेली आणि वळून माझ्याकडं बघत राहिली. साडेचार वर्षांत तिनं मान वर करून माझं तोंड बघितलं नव्हतं. मागच्या बाजूला राहणाऱ्यांचं असंच असतं. किती काळवंडली आहे हो, म्हणाली. मला बरं वाटलं. आपल्या माणसानं म्हटलं की तेसुद्धा बरं वाटतं. मग ती नाक्यावर गेली, स्वतःच्या हातानं पाव निवडला, आणि दोन पाव दाबून बघितल्याबद्दल पाववालीची बोलणी खाल्ली. आनंदानं आत आली.

आता रोज उतरते. सकाळी वेंडेल वर येऊन डब्यांना पाणी घालतो, ती बाजूला उभी राहून पुरे पुरे म्हणते, तो म्हणतो मला शिकवू नका. मिरच्या यंदा बोटाएवढ्या झाल्यात.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. गिलावा सुटतोय, पन्हळ गळतेच आहे, आणि बावीस मालक अजून एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. त्याचं काही नाही. फक्त एक सांगते. वर जाल तेव्हा लिफ्टमधून उतरल्यावर दार नीट लावून घ्या, कट्‌ असा आवाज येईपर्यंत. घाईत अर्धं राहतं, आणि अर्धं राहिलं की ती तिथंच अडकून पडते, कितीही बटणं दाबा, खाली येत नाही. तुम्ही घरात जाऊन चहा करता. खाली मात्र हातात गरम पाव घेऊन कोणीतरी ताटकळत उभं असतं.

लावलंत ना? बघा, निघाली खाली. एतेल्का आली वाटतं.